सेकंद नेमका कुठे मोजलाय? ग्रँड सेइको, रोलेक्स, ओमेगा आणि आकड्यांचा घोळ

जपानी सेइकोच्या ग्रँड सेइको या ब्रँडच्या माहितीपत्रकात +५/−३, स्विस रोलेक्सच्या +२/−२, ओमेगाच्या ०/+५. म्हणजे घड्याळ दिवसाला इतके सेकंद पुढे जाईल किंवा मागे पडेल. तिन्ही आकडे शेजारी मांडले की निकाल लागल्यासारखा वाटतो आणि बहुतेक तुलना तिथेच थांबतात. पण या तिघांनी मोजलेली वस्तू एक नाही.

ग्रँड सेइकोचा आकडा नुसत्या यंत्राचा आहे. केसमध्ये बसण्याआधी ते १७ दिवस तपासलं जातं, ६ स्थितींमध्ये आणि ८, २३, ३८ अंश सेल्सिअस या ३ तापमानांत. स्वित्झर्लंडची सीओएससी ही तटस्थ संस्था आयएसओ ३१५९ मानकानुसार १५ दिवस, ५ स्थितींत, त्याच ३ तापमानांत तपासते आणि सरासरी −४ ते +६ चालवून घेते. तीही उघडं यंत्रच तपासते. जपान्यांनी वाढवलेली सहावी स्थिती म्हणजे १२चा आकडा वर. घड्याळ काढून स्टँडवर लावलं की ते साधारण याच स्थितीत रात्र काढतं, त्यामुळे ही भर नुसती दिखाऊ नाही.

मनगटावर काय अपेक्षा ठेवायची, हे ग्रँड सेइको वेगळं छापते. ९एस८५ आणि ९एसए५ या हाय-बीट (जास्त वेगाने ठोके देणाऱ्या) यंत्रांना +८/−१, तर ९एस६५ला +१०/−१. तुलनेला घ्यायचा आकडा हा.

रोलेक्सचं यंत्र आधी सीओएससीचं प्रमाणपत्र मिळवतं, मग केसमध्ये बसवल्यावर कंपनी स्वतः पूर्ण घड्याळ पुन्हा तपासते. २०१५मध्ये आणलेला ±२ हा आकडा त्या दुसऱ्या तपासणीचा. ओमेगाची दुसरी तपासणीही पूर्ण घड्याळाचीच, पण तिचे निकष मेटास या सरकारी मापनसंस्थेचे. त्यात घड्याळ १५,००० गॉसच्या चुंबकीय क्षेत्रात ठेवतात आणि पूर्ण चावीवरची चाल ३३ टक्के चावी उरल्यावरच्या चालीशी ताडून पाहतात. ही शेवटची चाचणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. भरल्या चावीवर चांगलं चालणारं घड्याळ बनवणं अवघड नाही, चावी उतरत आल्यावर कोण टिकतं ते बघायचं.

म्हणजे कागदावर स्विस पुढे आहेत, हे मान्य करायला हवं. मात्र +८/−१चा कल कुठे आहे तेही बघा. तो मुद्दाम पुढे जाण्याकडे आहे. पुढे गेलेल्या घड्याळाची चावी ओढून सेकंदकाटा थांबवता येतो आणि खरी वेळ गाठेपर्यंत थांबता येतं. मागे पडणाऱ्या घड्याळाने गाडी चुकते.

आता एस्केपमेंट, म्हणजे चावीची ऊर्जा ठोक्या-ठोक्याने सोडणारा भाग. खरा फरक इथे आहे. साध्या स्विस लिव्हरमध्ये एस्केप व्हील या दातेरी चाकाचा दात पॅलेटच्या (चाकाला अडवणाऱ्या-सोडणाऱ्या काट्याच्या) माणकावरून घसरत जातो. घसरण आली की घर्षण आलं, घर्षण आलं की तेल आलं, आणि तेल आज ना उद्या सुकतं किंवा पसरतं. यावर तिघांनी तीन वाटा काढल्या. रोलेक्सने मूळ रचना ठेवून तिची भूमिती सुधारली: क्रोनर्जी या तिच्या एस्केपमेंटमध्ये पॅलेटची माणकं पातळ केली, एस्केप व्हील आतून कोरून हलकं केलं, धातू निकेल-फॉस्फरस घेतला. कार्यक्षमता १५ टक्के वाढली, असं कंपनी सांगते. ओमेगाने १९९९मध्ये ब्रिटिश घड्याळकार जॉर्ज डॅनियल्स यांचं को-अ‍ॅक्सियल घेतलं. त्यात घसरण बरीच कमी होते, पण भाग वाढतात आणि जुळवणी नाजूक होते. सेइकोने २०२०मध्ये ९एसए५ मध्ये ड्युअल इम्पल्स एस्केपमेंट आणलं. एका दिशेच्या झोक्यात एस्केप व्हील बॅलन्सला (वेळ राखणाऱ्या झुलत्या चाकाला) थेट ढकलतं, परतीच्या झोक्यात पॅलेटमधून. अर्धं काम विनामध्यस्थ होत असल्याने ऊर्जा वाचते.

त्या वाचलेल्या ऊर्जेचं मोल वारंवारतेमुळे कळतं. ९एसए५ तासाला ३६,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला १०. रोलेक्सचं ३२३५ यंत्र २८,८०० वर चालतं, ओमेगाची ८८०० मालिका २५,२०० वर. ठोके जास्त असले की मनगटाच्या धक्क्याने बिघडलेला झोका लवकर सावरतो. पण त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते, चावी लवकर उतरते आणि पॅलेटवरचं तेल उडतं. जुन्या ९एस८५ची चावी ५५ तास पुरते. ९एसए५ने तोच वेग ठेवून ८० तास गाठले, तेही आधीपेक्षा पातळ यंत्रात. एरवी हाय-बीट म्हणजे सेकंदकाट्याची सफाई, एवढ्यावरच लोक खूश होतात. सफाईच हवी असेल तर सेइकोच्याच स्प्रिंग ड्राइव्ह यंत्राच्या जवळपास कुणी येत नाही. पण त्याचं नियंत्रण क्वार्ट्झ करतं, म्हणून या तुलनेत ते बसत नाही.

९एसए५मध्ये आणखी एक बदल आहे, ज्याबद्दल कमी बोललं जातं. आधीच्या ९एस यंत्रांत चाल जुळवायला रेग्युलेटरची सुई होती. ती हेअरस्प्रिंगची (बॅलन्सला झुलवणाऱ्या बारीक स्प्रिंगची) कामाची लांबी बदलते, आणि मोठा धक्का बसला तर जागची सरकू शकते. ९एसए५मध्ये सुई गेली. बॅलन्सवरची वजनं फिरवून चाल जुळवतात आणि हेअरस्प्रिंगला ओव्हरकॉइल, म्हणजे वर उचलून आत वळवलेला बाहेरचा वेढा आहे. रोलेक्स हेच कित्येक दशकं करत आली आहे. म्हणजे जपानचं आजचं सगळ्यात जपानी यंत्र इथे स्विस वाटेने गेलं. हेअरस्प्रिंगच्या धातूत मात्र वाटा वेगळ्या आहेत: सेइकोची स्वतःची स्प्रॉन मिश्रधातू, रोलेक्सची निओबियम-झिर्कोनियमची पॅराक्रोम, ओमेगाची सिलिकॉन. सिलिकॉनवर चुंबकाचा परिणाम होत नाही, पण ते वाकवून दुरुस्त करता येत नाही, तुटलं की बदलायचं.

फिनिशिंगवर सगळ्यात जास्त भाबडेपणा चालतो. ‘झारात्सु’ हा शब्द ऐकून तलवारी घडवणारे कारागीर आठवतात. प्रत्यक्षात तो साल्लाझ या युरोपीय यंत्रनिर्मात्याच्या नावाचा जपानी उच्चार आहे. फिरत्या तबकडीच्या सपाट पृष्ठावर केस हाताने धरायची, कोन आणि दाब न ढळू देता. मऊ बफवर घासलं की कडा गोल होतात आणि प्रतिबिंब वाकडं दिसतं, इथे कडा धारदार राहते आणि आरसा सरळ. पाहायचं असेल तर केसच्या चकचकीत पृष्ठात ट्यूबलाइटची रेघ धरा आणि घड्याळ हळूहळू तिरकं करा. कडेपर्यंत रेघ सरळ राहिली तर काम चोख. ग्रँड सेइकोचे काटे आणि डायलवरच्या पट्ट्याही हिऱ्याच्या हत्याराने कापलेल्या असतात, म्हणून अंधुक उजेडातही त्या लकाकतात. २०२१मध्ये जिनिव्हाच्या जीपीएचजी या घड्याळांच्या स्पर्धेत पुरुषांच्या घड्याळाचं पारितोषिक मिळवणारं एसएलजीएच००५, म्हणजे बर्चच्या खोडासारखी डायल असलेलं, यातलंच. या किमतीत बाहेरच्या बाजूला जपान सरस आहे, यात मला शंका नाही.

केस उलटी केली की चित्र बदलतं. काचेतून यंत्रावर पट्टे दिसतात, कडा चमकतात, पण बहुतेक काम यंत्राने केलेलं असतं. ओळखायची खूण सोपी आहे. १० पट भिंगाखाली ब्रिजचा (यंत्राची चाकं धरणाऱ्या पट्टीचा) आत वळणारा कोपरा शोधा. फिरतं हत्यार गोल असल्याने आतला कोपरा गोलच सोडतं. तो टोकदार असेल तर कुणीतरी हाताने कानस चालवली आहे. असे कोपरे पाटेक फिलिप, वाशरों कॉन्स्टँटिन या स्विस कंपन्यांच्या वरच्या घड्याळांत किंवा सेइकोच्या शिओजिरी इथल्या मायक्रो आर्टिस्ट स्टुडिओत मिळतात, नेहमीच्या ९एसमध्ये नाहीत. नेहमीच्या रोलेक्समध्येही नाहीत, तिथे तर बहुधा मागचं झाकणच बंद असतं. तेव्हा पाटेकचं यंत्र आणि ग्रँड सेइकोची डायल समोरासमोर ठेवून ‘कोण भारी’ म्हणणं हा नुसता टाइमपास आहे.

देशांची सीमाही वाटते तितकी ठळक नाही. ‘स्विस मेड’साठी २०१७पासून निर्मितीखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्विस असावा लागतो, शंभर नाही. जपानच्या सिटिझनने २०१२मध्ये ला झू-पेरे ही स्विस यंत्रनिर्माती कंपनी विकत घेतली, आणि २०२१च्या सिटिझनच्या ०२०० यंत्राचं फिनिशिंग त्या हातांच्या मदतीने घडलं. जिनिव्हाच्या वेधशाळेच्या १९६८च्या अचूकतेच्या स्पर्धेत सेइको गटातल्या सुवा सेइकोशाच्या यांत्रिक घड्याळांनी ४ ते १० क्रमांक घेतले, आणि वरचे तिन्ही क्वार्ट्झ होते. धडे दोन्ही बाजूंनी एकमेकांकडून घेतले गेले आहेत.

आता विकत घेण्याआधी करायच्या गोष्टी, विशेषतः वापरलेलं घड्याळ असेल तर.

टाइमग्राफरवर (ठोके ऐकून चाल मोजणाऱ्या उपकरणावर) लावताना लिफ्ट अँगल, म्हणजे एका ठोक्यादरम्यान बॅलन्स फिरतो तो कोन, आधी विचारा. रोलेक्स ३१३५ला ५२ अंश, ओमेगाच्या को-अ‍ॅक्सियलला ३८. को-अ‍ॅक्सियल ५२वर मोजलं तर अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्सच्या झोक्याचा आवाका, अशक्यकोटीतला दिसतो, आणि विक्रेता ‘बघा किती जोमात आहे’ म्हणून मोकळा होतो. पूर्ण चावी देऊन, डायल वर ठेवून साध्या लिव्हरला २७० ते ३०० अंश ठीक. मग चावीची बाजू खाली, चावीची बाजू वर, १२चा आकडा वर, असं फिरवा. उभ्या स्थितीत अँप्लिट्यूड कमी होणारच, पण स्थिती-स्थितीतला फरक १०-१२ सेकंदांच्या पुढे गेला तर किंमत कमी करून मागा. २४ तासांनी पुन्हा लावा. २०० अंशांच्या खाली गेलं तर तेल संपलंय, विक्रेता काहीही म्हणो.

घड्याळ एका दिवसात अचानक मिनिटभर पुढे जाऊ लागलं तर आधी चुंबक तपासा. होकायंत्र घड्याळाजवळ आणा. सुई हलली तर संशय पक्का, कारण हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटून तिची लांबी घटलेली असते. डिमॅग्नेटायझर (चुंबकत्व काढणारं उपकरण) चालू ठेवूनच घड्याळ हळूहळू हातभर दूर न्यायचं आणि मगच बटण सोडायचं. जवळ असताना सोडलं तर उलट नव्याने चुंबकत्व येतं. साध्या ग्रँड सेइकोची मर्यादा ४,८०० अँपिअर प्रति मीटर, म्हणजे साधारण ६० गॉस. फोनच्या चुंबकी कव्हराला चिकटवून ठेवलं तर ती सहज ओलांडली जाते.

सर्व्हिसिंगची शिफारस ग्रँड सेइको ३-४ वर्षांनी करते, रोलेक्स साधारण १० वर्षांनी. यातला फरक टिकाऊपणापेक्षा सावधगिरीचा जास्त आहे. खोलून धुणं, मेनस्प्रिंग बदलणं, चाकांच्या टोकांना मोबियस ९०१० सारखं पातळ तेल, पॅलेटच्या माणकांना ९४१५ सारखं घट्ट तेल, हे काम दोन्हीकडे साधारण तेच. ९४१५ ठोका बसतो त्या क्षणी पातळ होतं आणि लगेच पुन्हा घट्ट, म्हणून हाय-बीटमध्ये ते उडत नाही. पॅलेटवर पातळ तेल घालणाऱ्याला हाय-बीट यंत्र देऊ नका. काम झाल्यावर पाण्याची चाचणी करून मागा. आणि पॉलिशला स्पष्ट ‘नको’ म्हणून लिहून द्या. झारात्सुची कड एकदा बफवर गोल झाली की तिचा मूळ कोन परत आणायला कारखान्यातलं तेच यंत्र आणि तोच हात लागतो.