दाजींची थार, घुडखर आणि मी

दाजींनी थार घेतली त्याला दोन वर्षं होत आली होती. तोवर तिने पाहिलेला सगळ्यात अवघड रस्ता म्हणजे आमच्या सोसायटीपुढे ड्रेनेजसाठी खणलेला चर. त्यामुळे जानेवारीत कच्छच्या छोट्या रणात रानगाढवांचे फोटो काढायला जातोय, असं मी जेवताना म्हणालो, तेव्हा त्यांनी मला वाक्यही पुरं करू दिलं नाही. "मेहुणे, गाडी आपली, डिझेल माझं. तुम्ही फक्त गाडीचे चार झकास फोटो काढायचे. रणात उडवताना."

सौदा वाईट नव्हता. पुण्याहून रणाच्या कडेचं पाटडी साडेसातशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत अहमदाबादला मुक्काम, मग विरमगाव मागे टाकलं की शेतं विरळ होत जातात आणि क्षितिज खाली बसायला लागतं. पाटडीत मी पहिलं काम केलं ते चार किलो तांदूळ घेण्याचं. घरून रिकामी बीनबॅग नेली होती. ती तांदळाने भरून खिडकीच्या काचेवर टाकली की लांब लेन्सला यापेक्षा चांगला टेकू नाही. ट्रायपॉड गाडीत नुसता पायात येतो. शिवाय तांदूळ परत न्यावे लागत नाहीत, कुणाच्या तरी घरी शिजतात.

परवान्याचं फार सांगण्यासारखं नाही. बजाण्याला वनखात्याच्या नाक्यावर ओळखपत्रं, गाडीची नोंद, कॅमेऱ्याचं वेगळं शुल्क. स्थानिक वाटाड्या मात्र हवाच, आणि तो नुसता नियम म्हणून नाही. आम्हाला जे काका मिळाले ते साठीच्या पुढचे, डोक्याला मफलर, बोलणं कमी. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी दाजींना एकच गोष्ट सांगितली, "साहेब, चीलो न छोडता."

चीलो म्हणजे आधी गेलेल्या गाड्यांच्या चाकांनी पडलेली वाट. आपल्याकडे तिला चाकोरी म्हणतात. इतकी वर्षं हा शब्द मी नोकरी आणि संसार यांना नावं ठेवायलाच वापरला होता. खरीखुरी चाकोरी कधी पाहिली नव्हती.

ती महत्त्वाची का, हे रण कसं बनतं ते कळल्यावर समजतं. हे वाळूचं वाळवंट नाहीच. पावसाळ्यात बनास, रूपेण, सरस्वती यांचं पाणी एका बाजूने येतं, कच्छच्या आखातातून खारं पाणी दुसऱ्या बाजूने शिरतं, आणि सगळा प्रदेश गुडघाभर पाण्याखाली जातो. उंचवटे तेवढे वर राहतात. त्यांना तिथेही बेटच म्हणतात आणि पावसाळ्यात ती अक्षरशः बेटं असतात. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अभयारण्य बंद असतं. नंतर पाणी आटतं, चिखल वाळतो, भेगाळतो, पाहणाऱ्याला वाटतं फरशी झाली. पण वाळलेला असतो तो वरचा पापुद्रा. खाली कुठे काय आहे ते वरून दिसत नाही. जिथून काल ट्रॅक्टर गेला तिथून आज आपली गाडी जाणार, एवढीच खात्री.

पहिल्या दिवशी पहाटे साडेसहाला आत शिरलो तेव्हा अंधारच होता. पश्चिमेला आल्यामुळे सूर्य पुण्यापेक्षा उशिरा उगवतो, हे मी दर वेळी विसरतो. दाजींनी टायरमधली हवा विसावर आणली होती, त्यामुळे गाडी गादीवरून चालल्यासारखी चालली होती. गारठा एवढा की कॅमेऱ्याची बटणं बोटांना कळेनात. मग पूर्वेला एक मळकट केशरी रेघ उठली, आणि तिच्यापुढे पहिल्यांदा ते दिसले. सात-आठ घुडखर, म्हणजे इथली रानगाढवं, खाली माना घालून.

दाजींचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर गेला. काकांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बंद करो."

इंजिन बंद. अंतर असेल तीनशे मीटर. फोटोच्या दृष्टीने काहीच नाही, चार ठिपके. पण इंजिन बंद झालं की दोन गोष्टी होतात. गाडीची थरथर थांबते, म्हणजे लांब लेन्सने सेकंदाच्या साठाव्या भागाच्या शटरलाही धारदार चित्र मिळतं. आणि समोरच्यांचे कान खाली येतात. हे मला त्या सकाळी खरं तर कानांवरूनच कळलं. आठही जोड्या आमच्याकडे वळलेल्या होत्या, त्या एकेक करून सैल पडल्या. वीसेक मिनिटांनी कळप चरत चरत तिरका आमच्याच बाजूला सरकला. मी खाली उतरलो, गाडीच्या सावलीत जमिनीवर पालथा झालो आणि कॅमेरा भेगांच्या पातळीला आणला. उभ्याने काढलेल्या फोटोत हे जनावर पांढुरक्या जमिनीत विरघळून जातं, कारण त्याचा रंगच तसा, फिकट तांबूस, पोट पांढरं. खालून पाहिलं की त्याचे पाय आणि पाठ आकाशावर येतात. मानेपासून शेपटीपर्यंत जाणारी गडद तपकिरी पट्टीसुद्धा, ते वळलं की, दिसते.

एक अडचण सांगून ठेवतो. जमीन एवढी उजळ की कॅमेऱ्याचं मीटर फसतं आणि सगळं करडं करून टाकतं. मी दिवसभर एक स्टॉप वर, म्हणजे दुप्पट उजेडावर, ठेवला होता, तरी सुरुवातीचे तीस-चाळीस फोटो धुळवडीसारखे आले.

"पळवून बघायचं का थोडं?" दाजींनी हळूच विचारलं. "हे सत्तरच्या स्पीडने पळतात म्हणे. पळतानाचा फोटो भारी येईल."

काका काही बोलायच्या आत मीच नको म्हणालो. त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी इथे एकदा भाड्याच्या जीपमधून आलो होतो आणि चालकाला मीच म्हणालो होतो, जरा पळवा. त्याने पळवली. धूळ, उधळलेली आयाळ, चारही पाय हवेत, असा फोटो मिळाला. मोठा करून हॉलमध्ये लावला. दोन वर्षांनी एका पाहुण्यांच्या लहान मुलीने विचारलं, "काका, ते मागचं पिल्लू कुठे राहिलं?" तोपर्यंत मी ते पाहिलंच नव्हतं. फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यात, धुळीत, एक शिंगरू आईपासून बरंच मागे पडलेलं. फोटो काढून माळ्यावर ठेवला.

आणि हे प्राणी काही उदंड नाहीत. 1960च्या दशकात सुरा नावाच्या रोगाने आणि घोड्यांना होणाऱ्या एका आजाराच्या साथीने हे काही शेकड्यांवर आले होते. सत्तरीच्या सुरुवातीला इथे जवळजवळ पाच हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं, मग संख्या हळूहळू चढली. 2020च्या गणनेत 6,082 भरले, 2024मध्ये 7,672. आता ते रणाबाहेरच्या शेतांतही शिरतात आणि शेतकऱ्यांच्या शिव्या खातात. काकांच्या भावाचं जिऱ्याचं शेत आहे, त्यामुळे घुडखरांविषयी काकांचं मत सकाळी एक आणि घरी गेल्यावर वेगळं असतं, असं त्यांनीच हसून सांगितलं.

दहानंतर लांब लेन्स पिशवीत. जमीन तापली की हवा उकळल्यासारखी हलते. डोळ्यांना दिसतं की घुडखर पाण्यातून चालतायत, बेटं जमिनीपासून हातभर वर तरंगतायत. मृगजळाचा फोटो म्हणून ते छान आहे, पण जनावराचा डोळा धारदार हवा असेल तर विसरा. कॅमेरा कितीही महागाचा असो. दुपारी रुंद लेन्स लावायची आणि रण काढायचं. लेन्स बदलायची ती गाडीत, काचा वर करून, इंजिन बंद करून, मांडीवर टॉवेल पसरून. इथली धूळ नुसती धूळ नसते, तिच्यात मीठ असतं.

आता दाजींचे फोटो. दुपारी साडेतीनला एका बेटाजवळ थांबलो. काका वेड्या बाभळींच्या जाळीत कुठे आखूड कानांचं घुबड बसलंय का ते पाहायला गेले. मी गाडी वेगवेगळ्या कोनांतून पाहत होतो. सगळीकडे मध्ये येत होती ती चाकोरी. दोन काळपट पट्टे, मध्ये ट्रॅक्टरच्या नक्षीचे ठसे. मला हवी होती कोरी जमीन, भेगांचं जाळं आणि मधोमध एकटी लाल गाडी.

"दाजी, जरा डावीकडे घ्या. तीस मीटर फक्त. फ्रेम स्वच्छ पाहिजे."

दाजींना एवढंच हवं होतं.

पंचवीस मीटरपर्यंत गाडी झोकात गेली. मग एक मऊ आवाज आला, साय फाटावी तसा, आणि पुढचं डावं चाक खाली बसलं. दाजींनी साहजिकच रेस दिली. चाकाने पांढरा पापुद्रा भिरकावला आणि त्याखालून काळाशार, तेलकट, खाऱ्या वासाचा चिखल वर आला. दहा सेकंदांत गाडी एक्सलपर्यंत आत. फोर बाय फोर, लो रेंज, सगळं करून झालं. चारही चाकं अगदी एकोप्याने खड्डा खणत होती.

मग सगळे प्रकार. पायपुसणी चाकांखाली घातली, ती मागे उडून माझ्या नडगीवर बसली. बाभळीच्या फांद्या तोडून आणल्या. या बाभळीचा काटा बोटभर असतो आणि तो टायरला आधार देत नाही, भोक देतो. काका परत आले, त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग मागे गेलेल्या चाकोरीकडे पाहिलं, आणि बिडी पेटवली. "सांगितलं होतं" असं म्हणाले नाहीत. ते म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

मोबाइलला रेंज नव्हती. पश्चिमेला दोनेक किलोमीटरवर काहीतरी चमकत होतं. सौर पॅनेल, काका म्हणाले, म्हणजे अगरियांचं, मीठ पिकवणाऱ्यांचं, घर. ते चालत निघाले आणि बघता बघता मृगजळात गुडघ्यापासून तुटले, मग कमरेपासून, मग दिसेनासे झाले.

त्या दीड तासात मी काढले ते या सगळ्या सहलीतले सगळ्यात चांगले फोटो. दाजी चिखलात बसलेले, दोन्ही हात कोपरापर्यंत काळे, चेहऱ्यावर साखरपुड्यात अंगठी हरवल्याचा भाव. वाळलेल्या चिखलाला त्यांच्या नखांत फुटलेले मिठाचे कण. आमच्या उतरत्या सावल्या. आणि वीस पावलांवर एक चंडोल, लांब चोचीचा, जो एकदम सरळ वर उडाला, शीळ घातली, पंखांचे काळेपांढरे पट्टे उघडले आणि दगड टाकावा तसा खाली आला. पुन्हा, पुन्हा. आम्ही अडकलो नसतो तर त्याच्या अंगावरून धूळ उडवत गेलो असतो.

ट्रॅक्टर आला तो चाकोरीवरच थांबला. लांब दोर टाकला. दोन हिसक्यांत थार बाहेर. पैसे देऊ केले तर त्या माणसाने हात जोडले आणि चहाला चला म्हणाला.

घर म्हणजे बांबू, गोणपाट, प्लॅस्टिक. बाहेर पाटे, म्हणजे मिठाचे वाफे, एकामागून एक, आरशासारखे. जमिनीखालचं खारं पाणी पंपाने काढून त्यात सोडायचं आणि महिनोन्महिने दंताळ्याने ओढत राहायचं, म्हणजे खडे मोठे होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरला कुटुंबच्या कुटुंब इथे येतं आणि उन्हाळ्यात मीठ उचललं की परत जातं. देशातलं तीनचतुर्थांश मीठ गुजरातेत पिकतं, पण किलोमागे या माणसाच्या हातात रुपयाही पडत नाही. पिण्याचं पाणी टँकरने येतं. त्याच पाण्याचा चहा त्यांनी आम्हाला बशीतून दोनदा दिला. उरलेले बीनबॅगमधले तांदूळ मी ओशाळत पुढे केले, तर त्यांच्या आईने ते ओंजळीत घेऊन वास घेतला आणि कुठल्या भावाने घेतले ते विचारलं. भाव ऐकून हसल्या. आम्हाला फसवलं होतं.

आठेक वर्षांची मुलगी दंताळं घेऊन उभी राहिली, तिच्या दुप्पट उंचीचं. फोटो काढा म्हणाली. सूर्य अगदी खाली आला होता, पाट्यात तो पूर्ण उतरलेला. मी काढला. मागे काय येतंय ते पाहिलंच नाही.

पाटडीला परतल्यावर गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने दोनदा धुऊन घेतला. तिथल्या पोराने तिसऱ्यांदा स्वतःहून धुतला, फुकट, कारण पाणी अजून खारट येतंय म्हणाला. कॅमेऱ्याला कापड लावायचं नाही, हे कुणी रणात जाणार असेल तर लक्षात ठेवा. मिठाचा कण घासला की काचेवर ओरखडा. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग कापड. मी लेन्सवर पाळलं आणि मागच्या स्क्रीनवर विसरलो. तो ओरखडा आहे अजून.

फोटोंच्या प्रती काढून मी काकांच्या पत्त्यावर पाठवल्या. फेब्रुवारीच्या शेवटी त्यांनी फोनवर एक फोटो पाठवला. अगरियाच्या घरात बांबूला, घड्याळाशेजारी, मुलीचा फोटो टाचलेला. मी तो दाजींना दाखवला. त्यांनी दोन बोटांनी मोठा केला, मोठा केला, आणखी मोठा केला. दंताळ्याच्या मागे, पाट्याच्या पलीकडे, चिखलाने दारापर्यंत बरबटलेली लाल थार, पुढच्या हुकाला अजून दोर लोंबतोय.

"मेहुणे," ते म्हणाले, "एवढी कापता नाही आली?"