बिनबिल्ल्याची कालवड

आर्वी तालुक्यातल्या एका गावात लाळ-खुरकुताच्या लसीकरणाला गेलो होतो. सकाळी सातलाच आखरावर ढोरं जमली होती. ढोरकी त्यांना रानात नेण्याआधी जेवढी हाती लागतील तेवढी टोचायची आणि ज्यांच्या कानात बिल्ला नाही त्यांना बिल्ला मारायचा, असं काम. गावातली बारावीची एक मुलगी माझा मोबाईल धरून बिल्ल्यांचे १२ अंकी नंबर भरत होती. नेटवर्क येत-जात होतं, पण पोरीचा एक आकडा चुकला नाही.

मधेच तिनं विचारलं, "सर, मॅव्हरिक म्हणजे काय हो? गाईडमध्ये 'चाकोरीबाहेरचा माणूस' असं देल्लं हाये."

अर्थ बरोबरच होता. पण हा शब्द गुरांच्या कळपातून आलेला आहे, आणि तो तिनं आखरावर उभं राहून विचारला, याचा मला फार आनंद झाला. हातातलं काम चालू ठेवून तिला सांगितलं. सॅम्युएल मॅव्हरिक हे एका माणसाचं आडनाव. १८०३ साली जन्मलेला, टेक्सासचा वकील, जमिनींचा मोठा मालक. कोणाकडून तरी येणं होतं, त्यापोटी त्याला चारेकशे गुरं मिळाली. गुरांत त्याचं लक्ष नव्हतं. तिकडे कुंपणं नव्हती, मालकी ओळखायची ती तापल्या लोखंडानं दिलेल्या डागावरून. याच्या गुरांची वासरं बिनडागाचीच वाढली, भटकली. मग शेजारीपाजारी डाग नसलेलं जनावर दिसलं की म्हणायचे, हे मॅव्हरिकचं. पुढे कोणतंही बिनडागाचं जनावर मॅव्हरिक झालं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुढाऱ्यांचा शिक्का न घेणाऱ्या माणसालाही लोक तेच म्हणू लागले.

आपल्याकडे मेलेल्या माणसाच्या नावानं सांड सोडताना त्याला त्रिशूळ-चक्राचा डाग देण्याची रीत होती. म्हणजे आपल्याकडे डाग असलेलं जनावर मोकळं, तिकडे नसलेलं. हे सांगितलं तशी पोरगी आकडे भरायची थांबली.

तेवढ्यात आरडाओरडा झाला. दीडेक वर्षाची एक पांढरी, गौळाऊ जातीची कालवड, कानात बिल्ला नाही, आणि दोन घरची माणसं तिच्या दाव्याला धरून. दोघंही म्हणत, माह्यी हाये. आईचं दूध तुटून वर्ष होत आलेलं, त्यामुळे आता ती कोणत्याच गाईमागे जाणार नव्हती. एक जण मला म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुमी बिल्ला मारा माह्या नावानं, भानगड मिटते."

टेक्सासातही हेच व्हायचं. जो आधी डाग देईल त्याचं जनावर. माझ्या हातात बिल्ला मारायचा ॲप्लिकेटर होता आणि तो मला एकदम जड वाटला.

मी कालवडीचा डावा कान उलटून बघितला. मधल्या दोन शिरांच्या मध्ये बोटाच्या पेरभर चीर होती, कडा गुळगुळीत भरून आलेल्या, केस उगवलेले. कुठंतरी बाभळीत अडकून बिल्ला ओढून निघाला होता. म्हणजे हिला पूर्वी बिल्ला मारलेला होता. पोरीला दोघांच्या नोंदी काढायला लावल्या. एकाच्या नावावर कालवडीचा एक नंबर होता आणि त्या नंबरचं जनावर आखरावर नव्हतं. दुसऱ्यानं वासराला बिल्ला मारूच दिला नव्हता. कान चिघळतो म्हणून.

ढोरकी आबाजी इतका वेळ काठीला टेकून उभे होते. त्यांना विचारलं तर नंबरवाल्याकडे बघून म्हणाले, "हे त्याचीच हाये. कळपाच्या मांगं दोन शेतं राह्यते, कोनाच्या संगं चालत नाही. तिचं आपलं येगळंच हाये." मग आधी काऊन नाही सांगितलं? "मले कोनी इचारलंच नाही, साहेब."

ते मला अजून टोचतं. अख्ख्या गावचं ढोर चालीवरून ओळखणारा माणूस समोर होता, आणि मी मोबाईल उघडून बसलो होतो.

टिंक्चर लावून दुसऱ्या कानात नवा बिल्ला मारला. कालवडीनं एकदा मान झटकली, बस. पोरीनं जुना नंबर काढून नवा भरला, मोठ्यानं वाचून दाखवला.

दुसरा शेतकरी मात्र तिथंच उभा होता. त्यानं खोटा दावा केला होता असं मला वाटत नाही. त्याचीही पांढरीच कालवड महिन्यापूर्वी रानातून परतली नव्हती.

"मंग माह्यी कुठं गेली, डॉक्टर?"

आम्ही शेजारच्या दोन गावांत आणि कोंडवाड्यात फोन लावले. पलीकडून पहिला प्रश्न प्रत्येक वेळी एकच आला, बिल्ला नंबर सांगा.