नावाडी कोणाचा?

आमच्या कथाविश्वात कुणीही भर घालू शकतं. एकाने गाव वसवायचं, दुसऱ्याने त्यात माणूस आणून सोडायचा, तिसऱ्याने त्याला भांडायला शेजारी द्यायचा. आलेल्या कथा जुन्यांशी ताडून बघणं आणि लिहिणाऱ्यांमधले तंटे मिटवणं हे माझं काम. तंटे बहुधा तारखांवरून होतात. त्या दिवशीचा वेगळा होता.

सकाळीच एका लेखिकेचा निरोप आला : "माझा नावाडी काढून टाका. सगळीकडून."

हा नावाडी आमच्याकडे सर्वांत लाडका. नाव सोडण्याआधी तो वल्ह्याने काठावर दोनदा ठोकतो, एवढंच त्याचं वैशिष्ट्य. पण ते इतक्या जणांनी उचललं, की कितीतरी कथांत त्याचं नावही येत नाही, नुसता आवाज येतो आणि वाचक ओळखतात. नुकत्याच आलेल्या कथेत एका तरुण लेखकाने त्याला पुरात बुडवलं होतं. शेवटी अंधारात पाण्याखालून दोन ठोके ऐकू येतात. कथा जबरदस्त होती, यात वाद नाही.

मी फोन केला. ताई आधी बोलेचनात. मग म्हणाल्या, "माझा भाऊ घरातून निघताना चौकटीवर असंच ठोकायचा. तो गेल्यावर मी नावाडी लिहिला. त्याला परत मेलेला नाही हो बघवत."

नियमाने उत्तर सोपं होतं. एससीपी फाउंडेशन हे इंटरनेटवरचं भयकथांचं अवाढव्य सामूहिक विश्व ज्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर, म्हणजे आपलं लेखन इतरांना वापरू देण्याच्या परवान्यावर, उभं आहे, त्याच धर्तीचा आमचाही : श्रेय द्या आणि तुमची भरही त्याच अटींवर खुली ठेवा. एकदा दिला की तो मागे घेता येत नाही. पण त्याच एससीपीची २००७ सालची पहिली नोंद मला आठवत होती. तिच्यासोबतचा शिल्पाचा फोटो २०२२ मध्ये मूळ कलाकाराचा मान राखून काढून टाकला गेला. मजकूर राहिला, विश्वही राहिलं. सगळं पुसायचं किंवा काहीच हलवायचं नाही, असे दोनच रस्ते नसतात.

तरुण लेखकाला मी हुकूम केला नाही, ताईंच्या परवानगीने फक्त कारण सांगितलं. दुपारी त्याची नवी प्रत आली. बुडणारा नावाडी दुसराच होता, ठोके गेले होते. कथा थोडी फिकी पडली. मी तीच घेतली.

राहिल्या बाकीच्या कथा. इतरांनी रचलेल्या कथांतून आपलं श्रेय काढून घ्यायला सांगायची मुभा हा परवाना मूळ लेखकाला देतो. तसं करायचं का, असं मी ताईंना विचारलं.

"नको, माझं नाव असू दे. त्या कथाही असू देत. एकीत त्याचं लग्न झालंय, वाचलं मी. तेवढं राहूनच गेलं होतं त्याचं."

त्याच संध्याकाळी कथा पाठवण्याच्या अर्जात मी एक रकाना वाढवला : हे पात्र खऱ्या माणसावरून घेतलंय का, आणि त्याच्या बाबतीत काय घडू नये असं वाटतं? पुष्कळ जण तो कोराच ठेवतात. जे भरतात, त्यांचं मी कथेच्या आधी वाचते.