सण नसलेली दिवाळी

वसुबारस

यंदा आमच्याकडे सण नाही. फोनवर हे इतक्यांदा सांगून झालंय की आता ते घराचा पत्ता सांगितल्यासारखं सहज निघून जातं. बाबा जूनमध्ये गेले, मृगाचा पाऊस अजून लागायचा होता तेव्हा. वैकुंठ स्मशानभूमीवरून परत येताना रिक्षात दादा म्हणाला, "मान्सून आल्याचं जाहीर व्हायच्या आधीच गेले." वेधशाळेत उभी हयात काढलेल्या माणसाबद्दल त्याला तेवढंच सुचलं. मला तर तेवढंही सुचलं नाही.

तर सण नाही. भाजणी नाही, कंदील नाही, दारात रांगोळी नाही. फराळ मात्र येऊन पडतोय. ज्या घरात दुःख झालंय त्यांनी तळण करायचं नाही, शेजारपाजारच्यांनी आणि नातेवाइकांनी आणून द्यायचं. लहानपणी आईनं झाकून दिलेले असे डबे मी कितीतरी घरी पोचवलेत. डबे घेणारं घर व्हायची मात्र ही पहिलीच वेळ. टेबलावर जागा उरलेली नाही. सहकारनगरच्या आत्याच्या डब्याच्या झाकणावर कुणाच्या तरी मुंजीची तारीख कोरलेली आहे आणि डब्यावर भलत्याच कुणाच्या लग्नाची. कुठल्याशा समारंभात झाकणांची अदलाबदल झाली असणार आणि ती निस्तरायला कुणाला सवड मिळाली नसणार.

चिवडेच पाच तऱ्हांचे आलेत. पातळ पोह्यांचा, भाजक्या पोह्यांचा, मक्याचा, एक लसणीचा. पाचव्यात बेदाणे आहेत. बेदाण्याचा चिवडा हा चिवडाच नव्हे, असं बाबांचं ठाम मत होतं. एकेक बेदाणा वेचून ते बशीच्या कडेला लावून ठेवायचे. आईनं तो डबा उघडला, आत डोकावली आणि काही न बोलता झाकण लावून टाकलं.

नरकचतुर्दशी

सवयीनं पाचला जाग आली. खाली सोसायटीतल्या पोरांनी लवंग्यांची माळ लावली होती. उटणं काढायचं नव्हतं, म्हणून नुसतीच पडून राहिले.

दादा, वहिनी आणि भाचा काल रात्री बंगळुरूहून आले. सकाळी चहाला सगळे जमलो, पण प्रत्येक जण जपून बोलत होता. आईसमोर हा विषय नको, तो नको, असं करत करत बोलण्यासारखं काही शिल्लकच राहिलं नाही. वहिनी मोबाइलवर हवामान बघत होती. गप्प बसवेना म्हणूनच असेल, किमान तापमान किती ते तिनं वाचून दाखवलं.

दादा पटकन म्हणाला, "कुठलं? शिवाजीनगरचं का लोहगावचं?"

बाबांचा हा ठरलेला प्रश्न. पुण्याचं तापमान असं काही नसतंच, असं त्यांचं म्हणणं. शिवाजीनगरचं वेगळं, पाषाणचं वेगळं, लोहगावचं वेगळं. आणि नुसतं 'पुण्याचं' म्हणून छापणारा पेपर वाचायच्या लायकीचा नाही. दरवर्षी अभ्यंगस्नान झालं की टॉवेल गुंडाळलेल्या अवतारात ते हे सुनवायचे.

आई आधी हसली. मग आम्ही हसलो. तिनं हसल्याशिवाय आपण हसायचं नाही, असं आम्ही तिघांनी मनोमन ठरवल्यासारखंच वागत होतो. हे तिच्याही केव्हाच ध्यानात आलं असणार.

पाडवा

पाडव्याची मला धास्ती होती. बायकोनं नवऱ्याला ओवाळायचा दिवस. वहिनीनंही दादाला ओवाळायचं टाळलं. तिनं विचारलं नाही, आम्हीही विषय काढला नाही. पहाटे सारसबागेत दिव्यांना गर्दी लोटते, तिकडे जाऊन येऊ असं दादा म्हणाला; पण कुणीच उठलं नाही.

अकराच्या सुमाराला बेल वाजली. दारात भाऊबीज निधीच्या बाई. दिवाळीच्या तोंडावर कर्वे संस्थेचं पावतीपुस्तक घेऊन त्या येतात आणि मुलींच्या शिक्षणासाठी पैसे गोळा करतात. बाबा त्यांची वाट बघायचे. अण्णा कर्व्यांनी 1896 साली विधवा मुलींसाठी आश्रम काढला, पुढं तो हिंगण्याच्या माळावर नेला, गावातून तिथवर पायी ये-जा केली, हे सगळं ते दरवर्षी त्या बाईंनाच ऐकवायचे. त्या त्याच संस्थेच्या, तरी बिचाऱ्या निमूट ऐकून घ्यायच्या.

बाईंना काही माहीत नव्हतं. त्यांनी पुस्तक उघडलं, कार्बन सारखा केला आणि विचारलं, "साहेबांच्याच नावानं ना?"

मी पुढं होऊन सांगणार, तेवढ्यात आतून आई आली. "ते जूनमध्ये गेले," ती म्हणाली. बाईंचं पेन तिथंच थांबलं. आईच पुढं म्हणाली, "तुम्ही बसा. पाणी घ्या. पावती माझ्या नावानं करा." मग आपलं पूर्ण नाव तिनं सावकाश सांगितलं, बँकेत सांगावं तसं.

रक्कम तीच, बाबा द्यायचे तेवढी. जाताना बाईंनी विचारलं, "पुढच्या वर्षी येऊ ना?" आई म्हणाली, "न यायला काय झालं?"

दुपारी शेजारच्या काकू आल्या. टिकली लावली ते बरं केलंस, असं त्यांनी आईला दोनदा सांगितलं. त्यांचा हेतू चांगला होता. पण एखादीच्या कपाळाबद्दल इतकं बोलावं लागतं, तेही कर्वे रस्त्याला लागून राहणाऱ्या माणसांनी, याचं मला नवल वाटलं. आईला नसावं वाटलं. ती काकूंना लसणीच्या चिवड्याची कृती विचारत होती.

भाऊबीज

आत्याचा परवाच फोन आला होता. "सण नाही वगैरे मला सांगू नका. जेवायला सगळ्यांनी यायचं. गोड करणार नाही, पिठलंभात करते."

आत्या शहात्तर वर्षांची. बाबांपेक्षा पाचेक वर्षांनी मोठी आणि ते तिचे एकुलते एक भाऊ. दरवर्षी भाऊबीजेला आम्ही सहकारनगरला जायचो. ती त्यांना ओवाळायची, ते पाकिटात पैसे घालायचे आणि ती "एवढेच?" म्हणायची. ऑफिसर झाले तेव्हाही "एवढेच?" आणि रिटायर झाले तेव्हाही "एवढेच?" जेवताना आतेभाऊ वेधशाळेवरून त्यांची टर उडवायचे. पाऊस सांगितलाय म्हणजे छत्री नको ना, मामा? हा विनोद माझ्याही आधीचा आहे. बाबा दरवेळी नव्यानं चिडायचे. आमच्या वेधशाळेचं सिमला ऑफिस म्हणजे काय समजता रे, 1928 साली सिमल्याहून इथं आलंय, चेष्टा आहे का, असं सुरू व्हायचं.

आज जेवणं झाली तरी वेधशाळेचं कुणी नाव काढलं नाही. मोठा आतेभाऊ एकदा बोलायला गेला आणि ताटाकडे बघत गप्प झाला.

संध्याकाळी आत्यानं ताट केलं. निरांजन, सुपारी, अक्षता. म्हणाली, चला गच्चीवर. ज्यांना भाऊ नाही त्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. आत्याला मी कधी असं करताना पाहिलं नव्हतं, कशाला पाहीन? आई म्हणाली, "अहो वन्सं, वर्षाच्या आत..." आत्या म्हणाली, "चंद्राला कसलं सुतक?" यावर काही बोलण्यासारखं नव्हतं.

त्यांची सोसायटी जुनी, पूरग्रस्तांसाठी झालेल्यांपैकी. लिफ्ट नाही. दादानं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या बाजूनं, आणि आत्या दर जिन्याला थांबत, गुडघ्यांना शिव्या देत वर आली. तर वर आभाळ भरलेलं. द्वितीयेची कोर आधीच नखाएवढी, सूर्यास्तानंतर तासाभरात मावळणारी. त्यात त्या बाजूला तळजाईची टेकडी आणि टेकडीवर हे ढग. निरांजन वाऱ्यानं दोनदा विझलं. आम्ही उगाच माना वर करून उभे.

भाच्यानं मोबाइल काढला. त्याच्याकडे ग्रहतारे कुठं आहेत ते दाखवणारं ॲप आहे. फोन आभाळाकडे धरून तो गच्चीभर फिरला आणि पाण्याच्या टाकीशेजारी येऊन थांबला. "आजी, चंद्र इथं आहे. ढगाच्या मागं."

"नक्की?"

"नक्की."

"मग झालं तर." आत्यानं टाकीशेजारच्या त्या ढगाला ओवाळलं. अक्षता टाकल्या. वर बघत म्हणाली, "एवढंच?"

मोठा आतेभाऊ हसत सुटला, मग रडायला लागला, मग पुन्हा हसला. आम्ही सगळेच तसे.

त्यानंतर खाली जायची कुणालाच घाई नव्हती. आत्याला प्लास्टिकची खुर्ची आणून दिली, बाकीचे कठड्यावर टेकले. भाच्यानं विचारलं, "आजी, तू पूर पाहिलायस ना? आजोबा सांगायचे."

पानशेतची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. 12 जुलै 1961. धरणाचं काम पुरतं झालेलं नव्हतं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून पाणी काही तास थोपवलं, म्हणून लोंढा अंधारात न येता दिवसा आला आणि हजारो जीव वाचले. मग त्या पाण्यानं खडकवासल्याचंही धरण गेलं. भराव कसा खचतो हे बाबा वाटीतल्या वरणभातावर दाखवायचे. आज आत्या बोलायला लागली तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की बाबांच्या गोष्टीत सगळं असायचं, फक्त बाबा नसायचे. आठ वर्षांचा मुलगा त्या दिवशी कुठं होता, काय करत होता, हे आम्ही कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

"नारायण पेठेत होतो आम्ही, नदीपासून अगदी जवळ," आत्या म्हणाली. "गल्लीत पोरं ओरडत आली, पाणी आलं, पाणी आलं. आईनं देव पदरात बांधले. मी ट्रंक घेतली. आणि हा बाळ्या कुठंय? तर हा जिन्याखाली. तिथं सरपणाच्या फळीवर मांजर व्यायली होती. भाजीच्या पिशवीत ती मांजर कोंबत होता. आई ओढतेय, हा सुटत नाही. मांजरीनं असा ओरबाडला म्हणतेस, मनगटापासून वर इथपर्यंत."

दादानं माझ्याकडे बघितलं. बाबांच्या डाव्या हातावरचा तो पांढरा वण. आम्हाला सांगितलं होतं, पेरूच्या झाडावरून पडलो.

"मांजर घेऊन पळाला. सदाशिव पेठेत मावशीकडे गेलो. रात्री याच्या ध्यानात आलं की पिल्लं फळीवरच राहिली. रात्रभर रडला. तिसऱ्या दिवशी चिखल तुडवत घरी गेलो तर फळीच नव्हती, जिनापण नव्हता. नंतर कधी बोलला नाही त्याबद्दल. आमच्या वडिलांनी सांगितलं, विषय काढायचा नाही."

आमच्या घरात कधी मांजर आलं नाही. मी लहानपणी मांजरासाठी हट्ट केला होता, तर म्हणाले, घाण करतात. दादानं एकदा एक पिल्लू शर्टात लपवून आणलं होतं. ते बाबांनी स्वतः दूधवाल्याच्या गोठ्यावर नेऊन दिलं आणि पुढं आठवडाभर चक्कर मारून बघून आले. तेव्हा वाटलं होतं, काय विचित्र माणूस आहे.

यावरून ते वेधशाळेत का गेले वगैरे काढायला मी तयार नाही. जागा निघाली, अर्ज केला, लागले. पण बाबांबद्दल जे कळायचं ते जूनमध्ये कळून संपलं, असं मी धरून चालले होते. आता यात भर पडायची नाही, आहे तेच जपायचं, पुसट होऊ द्यायचं नाही. आणि आज गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी मला आठ वर्षांचे बाबा भेटले, जे मला काल माहीत नव्हते. आईलाही माहीत नव्हते. एवढ्या वर्षांचा संसार, आणि ती आत्याला विचारत होती, "मग त्या मांजरीचं काय झालं हो?"

"मावशीकडेच राहिली. ढीगभर पिल्लं झाली तिला पुढं. सगळ्यांची नावं बाळ्यानंच ठेवलेली."

परतीच्या वाटेवर स्वारगेटच्या सिग्नलला दादा म्हणाला, आत्याकडे अजून बरंच असणार. मी म्हटलं, बाबांच्या ऑफिसातल्या लोकांकडेही असेल. शाळेतले एक मित्र आहेत धायरीला. यादी करू या का?

गाडीत मागं आई झोपली आहे असं आम्हाला वाटत होतं. मागून आवाज आला, "धायरीवाल्यांना ऐकू कमी येतं. फोन करू नका, जाऊनच या."

दोन-तीन दिवसांनी

दादाचं परतीचं तिकीट आजचं होतं, ते त्यानं पुढं ढकललं. ऑफिसला काय कारण दिलं ते विचारलं नाही.

डबे परत करायचेत. डबा रिकामा द्यायचा नसतो आणि गोडाचं काही करायचं नाही, म्हणून आईनं प्रत्येकात खालच्या झाडाची लिंबं घातली. कुठला डबा कुणाचा यावरून आईची आणि वहिनीची सकाळभर हुज्जत चालली. बेदाण्याच्या चिवड्याचा डबा कुणाचा, ते शेवटपर्यंत ठरलं नाही. भाच्यानं त्यातले बेदाणे तेवढे खाऊन टाकले होते, चिवडा तसाच ठेवून.

आत्याचा फोन आला. तिला आणखी एक आठवलंय, मुंजीत बाळ्या पळून गेला होता ते. फोनवर सांगणार नाही म्हणाली. रविवारी जेवायला या, आणि माझा डबा आणा. त्यावर चुकीचं झाकण आहे ते बरोबर आहे, बदलायला जाऊ नका.