क्वार्टरचा हिशेब

मेलबर्नमधलं माझं काम अमळनेरच्या नातेवाइकांना समजावताना माझी दमछाक होते. 'व्यसनमुक्ती' म्हटलं की त्यांना वाटतं, मी लोकांना शपथा देते. प्रत्यक्षात आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांना आज तरी काही सोडायचंच नसतं. सोडत नाहीत तोवर त्यांनी मरू नये, सुईतून एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस सी लागू नये, घर आणि नोकरी टिकेल तेवढी टिकावी, यासाठी आम्ही पगार घेतो. कोऱ्या सुया देतो, वापरलेल्या परत घेतो, हेरॉइनचा ओव्हरडोस झाला तर नॅलोक्सोनचा स्प्रे नाकात कसा मारायचा ते शिकवतो. (तो स्प्रे इथे २०२२ पासून देशभर चिठ्ठीशिवाय आणि फुकट मिळतो.) हे सगळं ऐकून मोठे काका म्हणाले, "म्हणजे सरकार तिथं दारुड्यांची सेवा करतं." करतं, काका.

पण आज लिहायचंय ते हे काम करणाऱ्यांच्या शिक्षणाबद्दल.

व्हिक्टोरिया राज्यात या क्षेत्रात यायचं तर दारू-ड्रग्जच्या कामाचं 'सर्टिफिकेट फोर' लागतं. समाजकार्याची पदवी असली तरी सुटका नाही, या विषयाचे चार मूळ पेपर वेगळे करावेच लागतात. एमएसडब्ल्यू करून, वर नोकरीचा अनुभव घेऊन आलेली मी पुन्हा वर्गात जाऊन बसले तेव्हा चांगलीच चिडले होते. शेजारच्या बाकावर अनेक वर्षं हेरॉइन घेतलेला, आता त्यातून बाहेर पडलेला एक गृहस्थ. त्याचा अनुभव ही त्याची पात्रता, आणि तरीही त्यालाही तेच पेपर. ही गोष्ट मला मनापासून पटली. 'मी भोगलंय म्हणून मला कळतं' हे खरं असलं, तरी तेवढ्यावर दुसऱ्याचा जीव त्याच्या हाती सोपवायचा नाही, असा इथला नियम.

कोर्स संपला तरी शिक्षण संपत नाही. या पुढच्या शिक्षणाला सगळे 'पीडी' (प्रोफेशनल डेव्हलपमेंट) म्हणतात, आणि ते ड्यूटीच्या वेळेत, पगारी असतं. काही पीडी अगदी कंटाळवाणी असतात. कॉम्प्युटरवर बटणं दाबत बसायचं, शेवटी सर्टिफिकेट छापायचं. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

एक मात्र डोक्यात पक्कं बसलं. प्रशिक्षकानं टेबलावर वेगवेगळ्या आकारांचे ग्लास मांडले, रंगीत पाण्याच्या बाटल्या दिल्या आणि सांगितलं, एक 'स्टँडर्ड ड्रिंक' ओता. ऑस्ट्रेलियात स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आम्ही सगळ्यांनी जास्तच ओतलं. मोठ्या वाइन ग्लासात तर दुप्पट. रोज पिणाऱ्यांना "किती घेता?" विचारणारे आम्ही, आणि एक ड्रिंक दिसतं कसं हेच आम्हाला माहीत नव्हतं.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी होते. आखाजी म्हणजे माहेरवाशिणी, झोके, गाणी, पुरणपोळी आणि सांजोऱ्या. आणि पुरुषांचे पत्त्यांचे डाव, नि डावाबरोबर बाटली. सण उरकल्यावर कॉलेजातले जुने मित्र, जे आता जळगाव-धुळ्याकडे व्यसनमुक्तीचं काम करतात, म्हणाले, तिकडं काय शिकवतात ते आम्हाला दाखव. एका मित्राच्या ओळखीनं समाजमंदिर मिळालं. दोन-तीन समुपदेशक, आशाताई, बचत गटाच्या काही बायका आणि एक पोलीस पाटील. मी ग्लासांचाच खेळ मांडला, फक्त वाइन ग्लासच्या जागी स्टीलचे पेले आणि पाण्यानं भरलेली रिकामी क्वार्टर.

मग फळ्यावर हिशेब केला. क्वार्टर म्हणजे १८० मिली. बाटलीवर छापलेलं असतं ४२.८ टक्के. म्हणजे ७७ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात साधारण ६० ग्रॅम. म्हणजे एका क्वार्टरमध्ये सहा स्टँडर्ड ड्रिंक! स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची, आठ टक्क्यांची बाटली धरली तर चार. ऑस्ट्रेलियाचा २०२० चा सल्ला असा, की निरोगी माणसानं आठवड्यात दहापेक्षा जास्त घेऊ नयेत आणि एका दिवसात चारपेक्षा जास्त नाहीत. पोलीस पाटलांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि म्हणाले, "मग आमच्या गावातला जो 'थोडीच घेतो' म्हणतो, तो आठवड्याचा कोटा दोन दिवसांत संपवतो." बरोबर.

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून आलेल्या एका आशाताईंनी विचारलं, "मोहाच्या दारूचं काय?" तिथं माझा फळा संपला. मोहाच्या बाटलीवर लेबल नसतं. पहिल्या धारेची काडी लावली की पेटते, शेवटची पाण्यासारखी येते, दोन्ही एकाच भट्टीतून. शिवाय ती पूजेलाही लागते आणि लग्नालाही. "आमच्याकडं देवाला धार सोडल्याशिवाय काम सुरू होत नाही," त्या म्हणाल्या. मेलबर्नचं कुठलंच ट्रेनिंग यावर काही सांगत नाही. आम्ही एवढंच ठरवलं की ग्रॅम विचारायचे नाहीत. कोणत्या धारेची, किती पेले, सकाळी उठल्यावर लागते का आणि न मिळाल्यास हात थरथरतात का, हे विचारायचं.

त्या हात थरथरण्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि इथेही तो घालवणार आहे, कारण आपल्याकडे माणसं यातून मरतात आणि कुणाला कळतही नाही. कुणी गळ्यात माळ घालून, कुणी मुलाची शपथ घेऊन एका दिवसात दारू बंद करतो. सगळे त्याचं कौतुक करतात. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला शेवटच्या घोटानंतर सहा तासांपासून दिवसभरात घाम, थरथर, मळमळ सुरू होते. दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होतात. भिंतीवर किडे दिसतात, मेलेला भाऊ बोलावतो, माणूस ओळख विसरतो, अंगात ताप भरतो. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न झाल्यास यात जीव जाऊ शकतो. घरचे म्हणतात, बाहेरचं लागलं, आणि गाडी सरकारी दवाखान्याऐवजी भगताकडे वळते. नाहीतर "नाटक करतोय" म्हणून खोलीला बाहेरून कडी.

हे सांगत होते तेव्हा बचत गटातल्या एक काकू मध्येच म्हणाल्या, "माझ्या दिराचं असंच झालं होतं." पुढं त्या बोलल्या नाहीत, आम्हीही खोदून विचारलं नाही.

म्हणून आशाताईंना तीनच प्रश्न पाठ करून दिले. शेवटची कधी घेतली? पूर्वी सोडताना फिट आली होती का? आत्ता हात थरथरतात, घाम येतो का? यातल्या कशावरूनही शंका आली तर दारू घरच्या घरी तोडायची नाही, दवाखान्यात न्यायचं. तिथं डॉक्टर गोळ्यांवर हळूहळू उतरवतात आणि थायमिन, म्हणजे बी-१, देतात. नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून भागत नाही. वर्षानुवर्षं नीट न जेवलेल्या पिणाऱ्याला थायमिनशिवाय ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. आणि हो, भाजीत चोरून मिसळायची ती 'दारू सोडवायची पावडर' नको. त्यात डायसल्फिराम असेल आणि बिचाऱ्यानं नकळत वर दारू घेतली, तर रक्तदाब कोसळून तो मरायलाही टेकू शकतो. हे औषध डॉक्टर देतात, पण माणसाला सांगून, त्याच्या संमतीनं.

जेवणानंतर रोल-प्ले केला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये एका लेखात मांडलेली मुलाखतीची पद्धत आम्हाला इथं घोटून घेतात. उपदेश करायचा नाही, समोरच्याचं म्हणणं त्यालाच परत ऐकवायचं, बदलण्याची कारणं त्याच्याच तोंडून निघू द्यायची. समाजमंदिरात पिणाऱ्याची भूमिका केली ती खरोखरच पूर्वी पिणाऱ्या एका समुपदेशकानं. "कापसाले भाव नही, बायको माहेरी, मी काय करू?" त्यानं असा काही सूर लावला की हसू आवरेना. समोरच्या ताईंना नियम एकच, दहा मिनिटं सल्ला द्यायचा नाही. मिनिटभरात त्या म्हणाल्या, "अहो, मग सोडून द्या ना!" सगळा हॉल हसला. दुसऱ्या ताई तीन मिनिटं टिकल्या. इथंही पहिल्या दिवशी असंच होतं. उपदेश करायची सवय खानदेशाचीच आहे असं नाही.

सगळेच काही हसत नव्हते. बचत गटातल्या एक बाई शेवटपर्यंत हाताची घडी घालून बसल्या होत्या. गावातलं दुकान बंद करायला आडव्या बाटलीच्या मतदानासाठी सह्या गोळा करत फिरलेल्या. त्यांनी मला विचारलं, "ताई, त्याले एक क्वार्टर कमी पे आसं सांगशी का तू? मंग तो मारानं बी कमी करी का?"

याचं गुळगुळीत उत्तर माझ्याजवळ नव्हतं. दारू कमी केल्यानं मारहाण थांबेलच अशी हमी कुणी देऊ नये. तिथं पोलीस, माहेर, सुरक्षित जागा आधी. त्याची दारू नंतर. त्यांचं आडव्या बाटलीचं मत मला चूक वाटत नाही. दुकान दारात नसेल तर काही माणसं कमी पितील, नक्कीच. पण नवापूरला विचारा. रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये, आणि गुजरातमध्ये १९६० पासून दारूबंदी. बाटली रेषा ओलांडतेच. जो तरीही पितो, त्याच्याकडं कुणीतरी बघायला हवंच ना? बाईंना हे पटलं असं मी म्हणणार नाही. फोन नंबर मात्र घेऊन गेल्या.

आता सुपरव्हिजनबद्दल, कारण मला वाटतं आपल्याकडे सर्वांत जास्त गरज त्याची आहे. मेलबर्नमध्ये मला दर महिन्याला एक तास मिळतो. समोरची व्यक्ती माझी बॉस नसते. मी केस सांगते, कुठं अडले ते सांगते, कुणाचा मृत्यू मनातून जात नसेल तर तेही सांगते. त्यातलं बॉसपर्यंत सहसा जात नाही. हा तास चैन नाही, कामाचा भाग आहे. तो नसता तर मी हे काम केव्हाच सोडलं असतं.

रोल-प्लेमध्ये पिणारा झालेला तो समुपदेशक एका केंद्रात राहतो, तिथंच झोपतो. रात्री पेशंट ओरडला तर तोच उठतो. त्याच्या हाताखालून घरी गेलेला एक तरुण काही महिन्यांत पुन्हा प्यायला लागला आणि वारला. बातमी त्याला व्हॉट्सॲपवर कळली, आणि सकाळी नेहमीसारखा ग्रुप घ्यायला तो उभा राहिला. मी विचारलं, यावर कुणाशी बोललास? तो म्हणाला, "आमनं कोन ऐकस, ताई?" पूर्वी स्वतः व्यसनात असलेल्या माणसासाठी असा दिवस किती धोक्याचा असतो, हे त्याच्या संस्थाचालकांच्या डोक्यातही आलं नाही. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण सुरू झालं, व्यसनातून बाहेर पडलेले लोक तिथं कार्यकर्ते झाले आणि ती वाट पुढे महाराष्ट्रभर गेली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या माणसांना सांभाळण्याची व्यवस्था सगळीकडे गेलेली नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या राष्ट्रीय अहवालानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठलातरी उपचार मिळतो. त्या एकाला सांभाळणाराच थकून गेला तर?

म्हणून आता महिन्यातून एका रविवारी आम्ही व्हिडिओ कॉलवर भेटतो. माझी संध्याकाळ, त्यांची दुपार. सुरुवातीला मीच बोलत होते. आता ते एकमेकांच्या केसेस ऐकतात, नावं न घेता. नियम दोनच. पहिली पंधरा मिनिटं कुणी सल्ला द्यायचा नाही, आणि संस्थेत तक्रार म्हणून काही पोचवायचं नाही. रेंज जाते, मध्येच कुणाची म्हैस हंबरते, पण चाललंय.

पुढच्या वेळचा विषय त्यांनीच दिलाय, कुत्ता गोळी. मालेगाव-धुळ्याकडे पोरांच्या खिशात सापडणारी अल्प्राझोलम, खरं तर मन शांत करायची डॉक्टरी गोळी. दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावतो आणि माझ्या लाडक्या नॅलोक्सोनचा तिच्यावर काही उपयोग नाही. यावर मराठीत बोलू शकणारे मानसोपचारतज्ज्ञ किंवा औषध दुकानदार धुळे-नंदुरबारकडचे असतील, तर खाली कळवा. रविवारी दुपारी एक तास हवाय. मानधन नाही, आधीच सांगते.