बोअरच्या पाण्यात युरेनियम आहे का? आमच्या सोसायटीने केलेली तपासणी

पंजाब-राजस्थानच्या भूजलात युरेनियम सापडल्याची बातमी आमच्या ग्रुपवर फिरली आणि लोकांनी भराभर पाण्याचे जार मागवले. आम्ही पुण्याच्या वाघोलीकडचे, पालिकेचं पाणी नावापुरतं, भिस्त सगळी बोअर आणि टँकरवर. सेक्रेटरी असल्यामुळे तपासणीचं काम माझ्या गळ्यात पडलं.

लॅबच्या नेहमीच्या पॅकेजमध्ये टीडीएस, हार्डनेस, नायट्रेट, कोलिफॉर्म (सांडपाणी मिसळल्याची खूण देणारे जंतू) वगैरे असतं, युरेनियम नसतं. ते नाव घेऊन मागावं लागतं. एका लॅबने ‘सगळं होतं सर, या’ म्हणून सांगितलं. एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता होती, पण मान्यतेच्या यादीत युरेनियमच नव्हतं. शिक्का बघून पैसे भरू नका, यादी मागा. एकूण अल्फा-बीटा, म्हणजे पाण्यातला त्या दोन प्रकारचा एकूण किरणोत्सर्ग, मोजणाऱ्या लॅब तर त्याहून कमी. भारतीय मानकात अल्फासाठी लिटरला ०.१ आणि बीटासाठी १ बेकेरेल (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) अशी मर्यादा आहे. आम्ही फक्त युरेनियमवर थांबलो.

नमुना घ्यायला लॅबचा मुलगा आला. पंप बराच वेळ चालवून त्याने थेट बोअरच्या नळावरून पाणी घेतलं, टाकीतून नाही. धातू तपासायच्या बाटलीत आधीच थोडं नायट्रिक ॲसिड होतं, म्हणजे युरेनियम बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटून बसत नाही. आमच्या वॉचमनने ती सवयीने विसळायला उचलली, तेव्हा तो मुलगा अक्षरशः ओरडला. कोलिफॉर्मची बाटली वेगळी, निर्जंतुक, आणि ती बर्फात गेली.

मीटिंगमध्ये जोशीकाका म्हणाले, “अहो, उकळून प्यायचं, संपला विषय!” उकळल्याने युरेनियम जात नाही, पाणी आटतं, त्यामुळे त्याचं प्रमाण उलट वाढतं. आरओने मात्र ते बरंच कमी होतं.

रिपोर्टवर युरेनियमपुढे ‘०.००१ पेक्षा कमी’ असं होतं. ग्रुपवर लगेच वाद: बातमीत मर्यादा ३० आणि इथे ०.०३ कशी? एक मायक्रोग्रॅममध्ये, दुसरी मिलिग्रॅममध्ये, मर्यादा तीच. जागतिक आरोग्य संघटनेने ती ठरवली ती मुख्यतः मूत्रपिंडाचा विचार करून. नैसर्गिक युरेनियमचा किरणोत्सर्ग तसा क्षीण, त्यातलं रासायनिक विषच आधी बाधतं. शिवाय आपल्याखाली काळा बेसाल्ट आहे, आणि ग्रॅनाइटच्या मानाने त्यात युरेनियम कमीच असतं.

लोक सुटकेचा निःश्वास टाकून ग्रुपवरून पांगले. खालच्या ओळी कुणी वाचल्याच नाहीत. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेवर, कोलिफॉर्म आढळले. नायट्रेटही उकळून जात नाही, आणि तान्ह्या बाळांना ते खरोखर घातक. बोअरच्या शेजारीच ड्रेनेजचं चेंबर आहे, त्याला तडा गेलेला. दुरुस्तीचं कोटेशन आलंय. आता खर्च सिंकिंग फंडातून करायचा की वर्गणी काढायची, यावर मीटिंग अडली आहे. तोवर बोअरचं पाणी फक्त फ्लशला आणि बागेला.