मामाचा रेडिओ आणि माझे २१२ व्ह्यूज

दसऱ्याच्या रात्री माझ्या यूट्यूब व्हिडिओचे व्ह्यूज २१२ वर थांबले ते ऑक्टोबर संपेपर्यंत हलले नाहीत. सकाळी दात घासताना बघायचो, ऑफिसात डबा खाताना बघायचो, अलका टॉकीजच्या सिग्नलला हेल्मेटची काच वर करून बघायचो. २१२ म्हणजे २१२. त्यातले तीसेक तरी माझेच असणार.

आधी थोडं मागचं सांगतो. माझा मामा तांबट. कसबा पेठेतल्या तांबट आळीत त्याचा छोटा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक खोली, एक भट्टी, आणि आजोबांच्या हातच्या हातोड्या. हंडे, घंगाळी, कधी कुणी फार्महाउसवाला आला तर बंब. धनत्रयोदशीला तांब्याची भांडी घेणारे लोक असतात, तर त्याआधी दोन-तीन व्हिडिओ लोकांपर्यंत पोचवू, गिऱ्हाईक थेट दारात येईल, असा माझा हिशोब. मामा म्हणाला, "कर काय ते, फक्त मध्ये मध्ये येऊ नकोस."

चॅनल उघडणं वगैरे काही अवघड नाही. फोन नंबर व्हेरिफाय केल्याशिवाय स्वतःचं थंबनेल, म्हणजे व्हिडिओच्या यादीत दिसणारं चित्र, लावता येत नाही, एवढं पहिल्या दिवशीच उरकून टाका.

पहिल्या व्हिडिओला मी एक मूर्खपणा केला होता. उत्साहात अख्खी फाइलच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. मावशीनं ती भिशीत पाठवली, तिथून कुठं कुठं गेली देव जाणे. महिन्याभरानं एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी मला माझाच व्हिडिओ दाखवला, "हे बघा, तुमच्या पुण्यातलं!" आणि यूट्यूबवर तेव्हा व्ह्यूज होते ४३. फाइल फिरते तेव्हा व्ह्यू कुणाच्याच खात्यात पडत नाही, आणि चित्र दाबून दाबून शेवटी तांबं आणि पितळ सारखंच दिसायला लागतं. ग्रुपवर लिंक टाका. मावशी म्हणेल उघडत नाही. तिच्या घरी जाऊन उघडून द्या.

तर दसरा, २ ऑक्टोबर २०२५. मठारकामाचा सहा मिनिटांचा व्हिडिओ. मठार म्हणजे भांड्यावर हातोडीनं ओळीनं उमटवलेले ते गोल गोल ठोके. प्रत्येक ठोक्यानं तांबं कडक होत जातं आणि उजेडात आरशाच्या तुकड्यांसारखं चमकतं. मामा आखणी न करता मारतो, तरी ओळ चुकत नाही. मी मुद्दाम एकही गाणं लावलं नव्हतं, नुसता हातोडीचा आवाज. त्याचा मला फार अभिमान होता. अपलोड करताना कॉपीराइटची तपासणी चालू होती, तिला वेळ लागत होता, आणि मला जेवायला बोलावत होते. न थांबता पब्लिक केला.

झोपायच्या आधी बघतो तर व्हिडिओ ब्लॉक. कारण, एका म्युझिक कंपनीचा दावा. माझ्या व्हिडिओत त्यांचं गाणं आहे म्हणे!

माझं डोकंच फिरलं. गाणं? हातोडीचं? मी रात्री साडेअकराला हरकतीचा फॉर्म भरला. कारणात ‘हे माझंच मूळ काम आहे’ निवडलं, खालच्या चौकटीत तांबट आळीचा पेशवाईपासूनचा इतिहास लिहिला, सहीच्या जागी पूर्ण नाव टाइप केलं, आणि विजयी मुद्रेनं झोपलो.

मग कळलं की हरकतीला उत्तर द्यायला दावेदाराला ३० दिवस मिळतात. हरकत यूट्यूबकडे जात नाही, ज्यानं दावा केला त्याच्याकडेच जाते. म्हणजे ज्यानं तुमची सायकल धरून ठेवलीय त्यालाच अर्ज करायचा, की बाबा ही माझी आहे का बघ. त्यानं ३० दिवसांत काहीच केलं नाही तर दावा आपोआप सुटतो. त्यामुळे मी दिवस मोजत बसलो. १८ तारखेला धनत्रयोदशी झाली. मामाकडे नेहमीचे लोक आले, व्हिडिओ पाहून कोण येणार, तो दिसतच नव्हता. भाऊबीज झाली. मामा ओवाळणीच्या पाटावर बसल्या बसल्या म्हणाला, "तुझा तो पिक्चर लागला का रे?" सगळे हसले. मी नाही हसलो.

व्हिडिओ ब्लॉकच झाला असेल तर हरकतीची पहिली पायरी सोडून थेट अपील करता येतं, आणि अपिलाला उत्तर द्यायला दावेदाराला ७ दिवसच असतात, हे मला विसाव्या दिवशी समजलं. पण आता वाटतं, बरं झालं केलं नाही. अपील हरलं आणि कंपनीनं व्हिडिओ काढायला लावला तर स्ट्राइक, म्हणजे चॅनलवर नियमभंगाचा शिक्का, बसू शकतो, आणि ९० दिवसांत तीन बसले तर चॅनलच जातं. नुसता दावा म्हणजे स्ट्राइक नव्हे, हा फरक मला कुणी आधी सांगितला असता तर दोन रात्री शांत झोपलो असतो.

२९ ऑक्टोबरला, म्हणजे सत्ताविसाव्या दिवशी, उत्तर आलं. हरकत फेटाळली.

रागारागात मी पहिल्यांदाच त्या दाव्याची माहिती नीट उघडली. गाणं कितव्या सेकंदापासून कितव्या सेकंदापर्यंत आहे तेही तिथं लिहिलेलं असतं. २:०५ ते २:५१. मुलीचा हेडफोन घेतला, आवाज पूर्ण वाढवला. ठोका. ठोका. ठोका. आणि ठोक्यांच्या मध्ये, लांबून, खोलीच्या कोपऱ्यातून, एक जुनं भावगीत.

मामाचा रेडिओ!

फळीवर, चिंचेच्या बरणीशेजारी, तो गेली चाळीस वर्षं चालू आहे. मला तो ऐकूच येत नाही, घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही तसा. कंपनीचं बरोबर होतं आणि मी सत्तावीस दिवस घरात त्यांच्या नावानं खडे फोडत होतो. बायकोला हे सांगायला मला आणखी दोन दिवस लागले.

उपाय काय निघाला, तर यूट्यूब स्टुडिओच्या (चॅनल सांभाळायच्या ॲपच्या) एडिटरमध्ये फक्त गाणं पुसून बाकीचा आवाज ठेवायची सोय आहे. जुलै २०२४ पासून ती बरीच सुधारली आहे. काही तास लागले, दावा सुटला, लिंक तीच, २१२ तेच. एक लाखाच्या वर व्ह्यूज गेले की काही अपवाद सोडता असे बदल करता येत नाहीत म्हणे. ती अडचण यायला आधी एक लाख यायला हवेत.

आता शूटिंग कसं करतो ते सांगतो. चित्र रेडिओ चालू ठेवूनच घेतो, कारण रेडिओ बंद केला की मामाचा हात खरोखर अडखळतो. मग चहाच्या वेळी पाच मिनिटं रेडिओ बंद करून नुसत्या ठोक्यांचा आवाज वेगळा घेतो आणि खाली जोडतो. व्हिडिओ आधी प्रायव्हेट ठेवायचा, तपासणी संपली की मग पब्लिक. जेवण गार झालं तरी चालेल.

व्ह्यूज शेवटी वाढले ते उभ्या छोट्या व्हिडिओंनी. ते कापताना एका ॲपमधून उतरवून दुसरीकडे चढवू नका. दुसऱ्या ॲपचा शिक्का दिसणारे व्हिडिओ आपण कमी पुढे नेतो, हे इंस्टाग्रामनं २०२१ मध्येच सांगितलंय. मूळ फाइल मोबाइलमध्ये ठेवायची आणि सगळीकडे तीच टाकायची. सुरुवातीला मी "नमस्कार मंडळी" म्हणत असे. आता पहिल्याच क्षणी लालबुंद तांब्यावर पहिला ठोका पडतो, नमस्कार नाही की काही नाही. मराठी अक्षरं मोठी आणि चित्रावरच, कारण आमच्या ऑफिसात तरी सगळे आवाज बंद करूनच बघतात.

शॉर्ट्सच्या, म्हणजे यूट्यूबवरच्या या उभ्या छोट्या व्हिडिओंच्या, आकड्यांनी हुरळून जाऊ नका. ३१ मार्च २०२५ पासून व्हिडिओ नुसता सुरू झाला तरी व्ह्यू मोजतात, पुन्हा पहिल्यापासून लागला तरी मोजतात. माझ्या एका शॉर्टला नऊ हजार आले तेव्हा मी पेढे आणणार होतो. पूर्ण बघणारे किती, तो आलेख उघडला आणि पेढे राहिले. शॉर्टच्या वर्णनातली लिंक दाबता येत नाही, इंस्टाच्या कॅप्शनमधलीही नाही. शॉर्टला मोठा व्हिडिओ ‘संबंधित व्हिडिओ’ म्हणून स्टुडिओतून जोडता येतो, तो जोडा. मी तीन महिने वर्णनात लिंका चिकटवत होतो.

आणि हो, नाव. मी ‘मठारकाम : एक परंपरा’ असं ठेवलं होतं. ज्याला मठार शब्द माहीत आहे तो माझा मामाच. ‘तांब्याचा हंडा कसा बनवतात’ केल्यावर लोक शोधत शोधत येऊ लागले. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो पुण्यावरच्या एका पेजला इंस्टावर कोलॅबची विनंती पाठवली त्याचा. त्यांनी स्वीकारली की तोच रील त्यांच्याकडेही दिसतो आणि व्ह्यूज एकत्र मोजले जातात. चौथ्या पेजनं हो म्हटलं. आधीच्या तिघांनी मेसेज वाचून सोडून दिला.

मोठा व्हिडिओ आज अकरा हजारांच्या पुढे आहे. त्याच्याखाली एका बाईंनी विचारलंय, दोन मिनिटं चौदा सेकंदांना काका ओठ हलवतात पण आवाज येत नाही, ठोके मारताना काही मंत्र म्हणतात का?

गाणं पुसताना रेडिओबरोबर मामाचं गुणगुणणंही पुसलं गेलं होतं. मी मामाला कमेंट वाचून दाखवली. त्यानं हातोडी खाली ठेवली, विचार केला आणि म्हणाला, "हो म्हणून सांग."